हातभर दोर

१

सांगलीच्या बॉम्बशोधक पथकाच्या काचेच्या कपाटातून हवालदार धनाजी कोळेकरांचा दोर चोरीला गेला, आणि चोरणाऱ्याने चांदीचं पदक तिथेच सोडलं.

सहायक पोलीस निरीक्षक संयोगिता निकमला पहिल्यांदा खटकलं ते हेच. तडा गेलेलं हेल्मेट जागेवर होतं, बूट जागेवर होते. कुलूप शाबूत, काच शाबूत. फक्त मधल्या फळीवरचं दोराचं टोक नव्हतं. हातभर लांबीचं, चिखल वाळून कडक झालेलं सुती टोक. बाजारात त्याच्या बदल्यात कुणी चहाही पाजला नसता.

तिने फळीवर वाकून पाहिलं. दोर ठेवलेल्या जागी पिवळ्या भंडाऱ्याची चिमूट होती. सांडलेली नव्हती. मधोमध, बोटांनी ठेवलेली.

त्या दोराची हकीकत पथकात सगळ्यांना पाठ होती. संशयित वस्तू हाताने हलवायची नाही. तिला दोर बांधायचा, आडोशाला यायचं आणि तिथून ओढायचं, ही कामाची पद्धत. पुढे एकटाच जातो. मागे दोराचं दुसरं टोक धरून त्याचा जोडीदार. बॉम्बजवळ वायरलेस चालत नाही, म्हणून बोलणं हाताने. हात वर दिसला की ओढायचं.

विट्याजवळच्या एका आठवडी बाजारात, धर्मशाळेच्या भिंतीलगत, स्टीलचा डबा सापडला होता. धनाजी पुढे गेला. मागे दोर धरून हवालदार नानासो माने. पालांच्या ताडपत्र्यांवरून नानासोला फक्त हात दिसला. धनाजी आडोशाला पोचला असं समजून त्याने दोर ओढला. डबा फुटला तेव्हा धनाजी त्याच्याशेजारीच होता. डब्यात घड्याळ होतं आणि हिसक्याने पेटणारा खटकाही होता; कशाने पेट घेतला, ते तुकड्यांवरून प्रयोगशाळेला सांगता आलं नाही. डबा ठेवणारा पकडला गेला, त्याला शिक्षा झाली. खटला संपेपर्यंत मुद्देमालात पडलेला दोर याच महिन्यात परत आला, तेव्हा संयोगितानेच फोटो काढून तो कपाटात ठेवला होता.

रविवारी नव्या प्रशिक्षण दालनाला धनाजीचं नाव द्यायचं होतं. पितळी पाटी तयार होऊन कपाटाशेजारी टेकून ठेवलेली होती. ‘दोराची गाठ सुटून झालेल्या स्फोटात वीरमरण.’

फोन वाजला. साताऱ्याहून उपअधीक्षक वीरधवल मोहिते. स्फोट झाला तेव्हा पथकाचे प्रमुख तेच होते.

“काल नानासो फाटकाबाहेर जीप लावून बसला होता,” ते म्हणाले. “नोकरी सोडल्यापासून इतक्या वर्षांत तो एकदाही तिथे फिरकला नाही. आणि फिरकला त्याच दिवशी दोर गेला.”

“जीपमध्ये बसणं हा गुन्हा नाही, सर.”

“मलाही माहीत आहे. पण मंत्री येणार आहेत, वरून विचारणा सुरू झालीय. आज संध्याकाळपर्यंत दोर मिळाला नाही, तर फिर्यादीत संशयित म्हणून त्याचं नाव जाईल. मला थांबवता येणार नाही.”

धनाजीच्या नावाच्या समारंभात नानासो माने धनाजीच्याच वस्तूचा चोर ठरणार होता. संयोगिताने कुलपाची किल्ली मागवली.

२

किल्ली भाऊसोकडे होती. पूर्वी तो पथकाची राणी नावाची कुत्री सांभाळायचा. राणी म्हातारी होऊन गेली, तेव्हापासून भाऊसो भांडार सांभाळत होता आणि दुसरी कुत्री नको म्हणत होता.

“कपाट कधी उघडलं होतंस?”

“काल दुपारी, म्याडम. धनाजीच्या आई आल्या हुत्या, हरणाबाई. रविवारी गर्दीत हात लावाय मिळतुया का न्हाई, म्हनून आदीच आल्या. हेल्मेटला भंडारा लावला. मी हितंच हुतो.”

“सगळा वेळ?”

“व्हय.”

“भाऊसो.”

त्याने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. “च्या आणाय गेलो हुतो. म्हंजे च्याचं निमित्त. आई हेल्मेटवरनं हात फिरवाय लागल्या, पोराच्या डोस्क्यावरनं फिरवावा तसा. मला बघवंना. बाहीर जाऊन हुबा ऱ्हायलो.”

“पाटीवरचं त्यांना वाचून दाखवलंस?”

“इचारलं, काय लिवलंय. सांगितलं.”

“त्यांना कोणी आणलं?”

“नानासोनं, जीपनं. आत बोलावलं तर म्हनला, माझं तितं काय काम? झाडाखाली बसून ऱ्हायला.”

“आणखी कोणी आलं होतं?”

“सुलाबाई. विट्याची कोंबडीवाली. ती दर वर्साला येती, कपाटाम्होरं दोन अंडी ठिवती आन् जाती.” भाऊसो पहिल्यांदा जरासा हसला. “लय भैरी हाय. तीच ओ, जिला राणीनं हुडकली. स्फोट झाला तवा आमी समदी धनाजीकडं पळत हुतो, आन् ही कुत्री मला भिंतीमागं वढत हुती. लय शिव्या दिल्या मी तिला. जाऊन बघतोय तर बाई भिंतीला पाठ लावून बसल्याली, जित्ती.”

“अहवालात ती बंदोबस्ताबाहेर होती असं आहे.”

“भिंतीपल्याड म्हंजे बाहीरच की. त्या धुरळ्यात कुनी मोजलंय?”

संयोगिता निघाली तसा तो दारापर्यंत आला.

“एक सांगू? दोर गेला ते मला बरं वाटलं.”

“का?”

“पाटी वाचली न्हवं? गाठ सुटून. तुमी आमी ते वाचून फुडं जाऊ. पर ज्यानं दोर वढला त्या नानासोनं रविवारी ते वाचायचं आन् टाळ्या वाजवायच्या व्हय?”

दोर नाहीसा व्हावा असं वाटायला भाऊसोकडे कारण होतं. किल्लीही होती. पण फळीवर भंडारा ठेवायला भाऊसो धनगर नव्हता, आणि त्याच्या घरी भंडारा नव्हता.

३

विट्याच्या बाजारात सुलाबाईचं खुराडं सगळ्यांना ठाऊक होतं. संयोगिताने तिच्या कानाशी वाकून दोराचं विचारलं, तर सुलाबाईने अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं.

“दोर? मला कशाला त्यो? कोंबडीच्या पायाला सुतळी लागती!”

शेजारचा भाजीवाला हसला. सुलाबाईला ते हसू दिसलं. “दात काय काढतो रं? भेंडी बघ तुजी, म्हातारी झाली.”

“मावशी, त्या दिवशी तुम्ही काय बघितलं?” संयोगिताने मोठ्याने विचारलं.

“आं?”

“त्या दिवशी!”

सुलाबाईने पदराने हात पुसले. “हे कुनी इचारलंच न्हाई मला. भैरीला काय इचारायचं? बाजार उठीवला ते मला कळलंच न्हाई. मी भिंतीमागं निजले हुते. उठून हुबी ऱ्हायले तर सामसूम. आन् भिंतीवरनं बघतीया तर म्होरं त्यो. डोस्क्यावर घागरीवानी टोपडं. त्यानंबी मला बघितलं.”

“मग?”

“मग डब्याकडं वाकला, दोन बोटांनी कायतरी वढलं. आन् मग हात वर केला, असा.” तिने हात डोक्यावर नेला, पंजा जमिनीकडे वळवून दोनदा खाली दाबला. “खाली बस, म्हनला. माझ्यासंगं समदी हातानंच बोलत्यात, त्योबी तसाच बोलला. मी बसले.”

ती भिंत संयोगिताच्या डोळ्यांसमोर आली. कमरेहून थोडी उंच. बसलेल्या माणसाला वाचवणारी, उभ्याला नाही.

“मावशी, नीट आठवा. आधी हात वर केला, मग ओढलं?”

“न्हाई गं बाय. आदी वढलं. मग हात.”

गाडीत बसल्यावर संयोगिताने मोबाईलमधला दोराचा फोटो उघडला. आपणच काढलेला आणि काढून विसरलेला. बोटांनी मोठा केला. दोराच्या टोकाला गाठ नव्हती, पण चिखलाने गाठीची वळणं धरून ठेवली होती. एक मोठा वेढा आणि त्यातून परत वळलेला छोटा वेढा. एक फास आणि त्याची शेपटी.

तिला एकदम जेवणाच्या डब्याची पिशवी आठवली. ती पथकात नवीन फौजदार म्हणून आली, तेव्हा धनाजीदादा जेवणाच्या पिशवीला, मोटारसायकलच्या ओझ्याला, राणीच्या पट्ट्याला, सगळ्यांना एकच गाठ मारायचे. ती सोडायला गेली की गाठ आणखी आवळायची. दादा हसायचे. “म्याडम, ताकद लावू नगा. ती ताकदीला भीक घालत न्हाई. शेपटी वढा.” शेपटी ओढली की गाठ फुलासारखी उमलायची.

ओढून घट्ट होणारी गाठ ओढल्याने सुटेल कशी?

“रहिमतपूर, नानासोकडे,” तिने ड्रायव्हरला सांगितलं. “जरा लवकर.”

४

नानासो माने आल्याच्या वाफ्यात पाणी सोडत होता. गाडी बघून त्याने फावडं टेकवलं, पाय धुतले आणि बांधावर येऊन उभा राहिला, वाट बघत असल्यासारखा.

“मी घेतला दोर,” तो म्हणाला. “चला.”

“बसा आधी. कसा घेतलात?”

“कुलूप तोडलं.”

“आणि?”

“दोराचं समदं भेंडोळं उचाललं, जीपमंदी टाकलं, हितं आणून जाळलं. लय जड हुता.”

शाबूत कुलूप आणि हातभर टोक. संयोगिताने त्याच्याकडे पाहिलं. नानासो त्या खोलीत कधी गेलाच नव्हता. कपाटात किती दोर आहे, हेही त्याला माहीत नव्हतं. पण परतीच्या वाटेवर शेजारी बसलेल्या कुणीतरी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली त्याने पाहिली असणार.

तिने ते बोलून दाखवलं नाही. “नानासो, दुसरंच विचारते. त्या दिवशी दोर ओढला तेव्हा हाताला काय लागलं?”

“ते कशाला आता?”

“कोणी विचारलं होतं का?”

“वढला का, एवढंच इचारलं. व्हय म्हनलं.” तो पाटातल्या पाण्याकडे बघत राहिला. “हलका आला. मी उताना पडलो.”

“आधी जड लागला आणि मग हलका झाला?”

“न्हाई. पयल्यापासनं हलका. हिरीतली बादली आदीच तुटून पडल्याली असावी आन् आपन नुस्ताच दोर वढावा, तसा. मी पडलो, आन् आभाळ दिसलं, आन् मग आवाज.” मग म्हणाला, “म्याडम, त्याचा हात मला दिसला हुता. खरंच दिसला हुता.”

“माहीत आहे. गाडीत बसा.”

“अटक हाय न्हवं?”

“औंधला जायचंय. हरणाबाईंकडे.”

तो दोन पावलं मागे सरला. तुरुंगाला न घाबरलेला माणूस त्या नावाला घाबरला होता.

“तितं नगं. दर म्हैन्याला जातो मी, काय हवं-नगं बघतो. आई ताट वाढती. पानी पितो आन् येतो. त्या घरची भाकरी मला गिळत न्हाई.”

“आज मी आहे बरोबर,” संयोगिता म्हणाली.

गाडी औंधच्या वाटेला लागली. संयोगिताच्या मनात आता चोर कोण हा प्रश्न उरला नव्हता. हरणाबाईंनी नुसता शब्द टाकला असता, तरी पथकाने दोर त्यांच्या घरी पोचवला असता. मागून मिळणारी वस्तू माणूस चोरतो कशाला?

५

औंधच्या पुढे माळावर कोळेकरांचं घर. मागे यमाईचा डोंगर. अंगणात मेंढरांची वाघर, म्हणजे रात्री कळपाभोवती लावायची जाळी, घडी करून ठेवलेली. हरणाबाई दाराच्या आत बाजेवर बसून लोकर साफ करत होत्या.

“दोघं संगंच?” त्या म्हणाल्या. “आवं, मंग भाकरी टाकते.”

नानासो दारातच उभा राहिला. संयोगिता आत गेली. देवळीत देवांशेजारी धनाजीचा फोटो होता.

“आई, फोटो बघू?”

हरणाबाईंनी फोटो उतरवून पदराने पुसला आणि तिच्या हातात दिला. मग वाटीतला चिमूटभर भंडारा घेऊन फोटोच्या जागी ठेवला, मधोमध.

“ही कुठली रीत?”

“आमच्या घरची. देवाजवळचं काय उचाललं तर जागा उघडी ठिवायची न्हाई.”

“कपाटातली जागाही तुम्ही उघडी ठेवली नाही,” संयोगिता हळूच म्हणाली.

चुलीत लाकूड तडकलं. दारातून नानासो पुढे आला. “म्याडम, मी सांगितलं न्हवं, मीच घेतला.”

“गप रं,” हरणाबाई म्हणाल्या. “तुला खोटं बोलाय कवा जमलंय?”

त्यांनी घोंगड्याच्या घडीतून दोर काढला आणि मांडीवर ठेवला. वळणं मोडू नयेत अशा बेताने.

“बघितला तवाच कळलं. वाघरीची गाठ. मीच शिकवली त्याला, ह्येवढा हुता तवा. मेंढरानं किती बी धडका दिऊ द्या, सुटत न्हाई. शेपटी वढल्याबिगार सुटतच न्हाई.”

“मग मागितला का नाहीत?”

“मागितला असता तर कशाला म्हनून इचारलं असतं. काय सांगू? गाठ सुटली न्हाई, माझ्या लेकानं सोडली? हुकूम बांधायचा, आन् ह्यानं सोडली. लोक म्हनले असते, ऐन टायमाला भ्याला. हुकूम मोडून मेला, त्याला पदक कशाला?” त्यांनी नानासोकडे मान वळवली. “आन् न सांगावं, तर ह्यो. दर म्हैन्याला येतुया आन् पानी पिऊन जातुया. एका लेकाचं नाव राखू का दुसऱ्याचा जीव, मला ठरवता येईना. म्हनून दोरच आनला. म्हनलं, रविवारी कुनी बघाय नगं.”

नानासो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. “सोडली?”

“त्यांनीच सोडली,” संयोगिता म्हणाली. “का सोडली ते आता दोघांनी ऐका. भिंतीमागे सुलाबाई उभी राहिली, ते धनाजीदादांना दिसलं. ती बहिरी, आणि हेल्मेटमधून आवाज जात नाही. तिला खाली बसवायचं तर हात वर करून खुणावणं, एवढाच उपाय होता. पण हात वर केला की नानासो ओढणार, हेही त्यांना माहीत होतं. ताडपत्र्यांवरून नानासोला फक्त हात दिसणार. म्हणून त्यांनी आधी गाठ सोडली. मग हात वर केला. सुलाबाईने दोन्ही बघितलंय, त्याच क्रमाने.”

ती नानासोकडे वळली.

“नानासो, तुम्ही ओढला तेव्हा दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. दोर पहिल्यापासून हलका लागला, तो म्हणूनच. डब्याला हिसका बसलाच नाही. मग उरलं घड्याळ. ते त्याच्या वेळेला फुटलं.”

नानासोने नकारार्थी मान हलवली. “बरं वाटावं म्हनून सांगताय तुमी. ऐकाय ग्वाड हाय.”

हरणाबाई उठल्या. अंगणातून वाघरीचा दोर घेऊन आल्या, बाजेच्या पायाला गाठ मारली आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

“वढ.”

त्याने दोर नुसताच धरला.

“वढ म्हंते न्हवं.”

त्याने ओढला. मग उठून दोन्ही हातांनी ओढला. बाज जमिनीवरून खरखरत सरकली, लोकर खाली पडली, गाठ आवळत गेली. तो थांबला तेव्हा त्याला धाप लागली होती. हरणाबाईंनी वाकून दोन बोटांनी शेपटी ओढली. गाठ उमलली आणि दोर नानासोच्या हातात हलका होऊन लोंबला.

तो त्या दोराकडे बघत राहिला. हाताला ओळखीचं काहीतरी लागल्यासारखा.

“माझ्या लेकाला गाठ मारता येत न्हवती,” हरणाबाई म्हणाल्या, “असंच समजत हुतास व्हय रं इतकी वर्सं?”

नानासोने दोरासकट हात तोंडावर धरले. हरणाबाई त्याच्याशेजारी बसल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. संयोगिता अंगणात आली आणि तिने वीरधवल मोहित्यांना फोन लावला.

“दोर मिळाला, सर. फिर्याद नको. पाटी बदलायची आहे.” तिने सगळं सांगितलं.

“मी मुद्दाम दोरावर लिहिलं होतं, संयोगिता. कुणा माणसाकडे बोट जाऊ नये म्हणून.”

“माहीत आहे, सर. पण दोराचं दुसरं टोक एका माणसाच्या हातात होतं.”

“पाटीवर काय लिहायचं?”

“गाठ त्यांनी स्वतः सोडली, एवढं तरी. आणि सुलाबाई बंदोबस्ताच्या आत होती, हेही कागदावर यावं लागेल.”

“बंदोबस्त माझा होता.”

“हो, सर.”

“लिही,” ते म्हणाले. “मी सही करतो.”

ती आत वळली तेव्हा चुलीवर तवा चढला होता. हरणाबाई भाकरी थापत होत्या. नानासो भिंतीशी बसला होता, डोळे लाल, वाघरीचा दोर अजून मांडीवर. पहिली भाकरी फुगली तसा तो म्हणाला, “आई, मला बी वाढ.”

हरणाबाईंनी मागे वळून बघितलं नाही. “कवापासनं इचारतीया, तवा भूक न्हवती व्हय? आता थांब जरा. पयली गरम म्याडमला.”

“त्यांनाच द्या,” संयोगिता म्हणाली.

तो जेवला. सावकाश, घासाघासाला थांबून, पण ताटात काही ठेवलं नाही. हरणाबाईंनी फोटो परत देवळीत लावला आणि त्याच्यापुढे कपाटातला दोर ठेवला. “आजची रात ऱ्हाऊ दे का त्याच्याजवळ?”

“राहू दे. सकाळी नानासो घेऊन येतील. आतपर्यंत.”

नानासोने मान डोलावली.

जाताना संयोगिताने देवळीसमोर हात जोडले. मग दोराशेजारी पडलेला, नानासोला वाढताना हरणाबाईंच्या बोटांना लागून आलेला भाकरीचा एक कण तिने उचलला, आणि वाटीतली भंडाऱ्याची चिमूट घेऊन ती जागा भरली.